लाल शाईच्या नोंदी

“काशीद, पवार आडनावाची माणसं एवढी उनाड असतात का हो?”

कॅप्टन तामगाडगे मॅडमनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं. मी शेजारच्या टेबलावर शिक्षेच्या रजिस्टरचं शेवटचं पान मिटत होतो. मे महिना होता. रेकॉर्ड रूमचा पंखा गरम हवा नुसती इकडून तिकडे ढकलत होता.

“का मॅडम?”

“भरतीच्या यादीत पवार आहेत एकसष्ट. आणि सात वर्षांत पवारांना शिक्षा झाल्यात एकशे चाळीस. दुसऱ्या कुठल्याच आडनावाचं असं नाही. आता हे बघा, पावरा. जवान अडतीस, शिक्षा फक्त दोन. एकदम गुणी मंडळी दिसतात.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मला उत्तर ठाऊक होतं. अगदी ओठांवर होतं. पण मी रजिस्टरवरची धूळ फडक्यानं पुसली आणि म्हणालो, “पवार आपल्याकडं पहिल्यापासून जास्तच आहेत, मॅडम.”

 त्या “असेल” म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी फौजेच्या एका सेंटरमध्ये हवालदार क्लार्क होतो. सेंटरचं नाव सांगत नाही, गरजही नाही. नोकरीला अठरा वर्षं झाली होती आणि ऑक्टोबरात नायब सुभेदारीच्या बढतीसाठी माझं बोर्ड बसणार होतं. वरून एक विचारणा आली होती. सारख्या गुन्ह्याला सगळ्या जवानांना सारखीच शिक्षा होते, की माणूस कुठला, कोणती भाषा बोलतो, यावर ती कमीजास्त होते, ते जुन्या कागदांवरून तपासून कळवा. त्यासाठी कायदा शाखेतल्या तामगाडगे मॅडम दोन आठवड्यांसाठी आल्या होत्या. भंडाऱ्याकडच्या होत्या, तिशीच्या आतल्या. रजिस्टरं माझ्या ताब्यात, म्हणून मदतीला मी.

काम साधं दिसायचं. शिक्षेच्या रजिस्टरात जवानाचं नाव, गुन्हा आणि शिक्षा असायची. गाव, भाषा नसायची. गाव आणि भाषा भरतीच्या यादीत असायची. शिक्षेच्या रजिस्टरात नंबरसुद्धा अर्धेच लिहिलेले, काही ठिकाणी ते पण नाहीत. म्हणून मॅडमनी दोन्ही याद्या कॉम्प्युटरमध्ये घालून नावावरून जोडल्या होत्या. त्या जोडणीतून निघालेलं उत्तर असं की सेंटरमध्ये कुणावर अन्याय नाही. सगळ्यांना जवळपास सारखं माप.

इथं लाल शाईचं सांगायला हवं. जवानाच्या वर्तणुकीचा एक कागद असतो. किरकोळ शिक्षा झाली तर त्यावर काळ्या शाईत नोंद होते आणि पुढं ती कुणी बघत नाही. कैदेची शिक्षा झाली तर नोंद लाल. लाल नोंदी चार झाल्या की जवान नकोसा ठरतो आणि बहुतेक घरी जातो, पेन्शनीशिवाय. सुट्टीवरून उशिरा येणं हा असा गुन्हा, की साहेबांच्या मनात आलं तर काळी, नाही आलं तर लाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्वार्टर गार्डकडे, म्हणजे सेंटरच्या कोठडीकडे, गेलो. तिथं शिपाई बिजला पावरा अटकेत होता. शनिवारी कर्नलसाहेबांपुढं त्याची पेशी, म्हणजे सुनावणी, होती आणि आरोपपत्रावर त्याचा अंगठा घ्यायचा राहिला होता. सही तो करायचा, पण कंपनीनं मला अंगठ्याचा कागद पाठवला होता. अशा गोष्टींना कुणी हरकत घेत नसे.

बिजला धडगावच्या वरचा, नर्मदेच्या काठच्या एका आदिवासी पाड्यातला. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता. अंगानं काटक, वय सव्वीस-सत्तावीस. डोंगराच्या चढावर पाठीवर ओझं घेऊन त्याच्याइतका वेगानं चालणारा दुसरा जवान आमच्याकडे नव्हता. सुट्टीवरून एकोणीस दिवस उशिरा आला होता. आधीच्या तीन लाल नोंदी होत्या. शनिवारी चौथी होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, बहुधा त्यालाही.

तो व्हरांड्यात उकिडवा बसून गवत उपटत होता. मला बघून उठला.

“बाबूजी, एक पत्र लिहून द्याल?” फौजेत क्लार्कला बाबूजीच म्हणतात. “घरी. मला घरी पाठवणार आता. बायकोला कळलं पाहिजे. ती एकटी उतरून मला न्यायला येईल धडगावपर्यंत, लहान पोर घेऊन.”

“पोर कधी झालं?”

“याच सुट्टीत. मुलगी. बाईची तब्येत लई बिघडली होती. झोळीत घालून दवाखान्यात आणली, चौघांनी. म्हणून थांबलो.”

“मग कळवायचं नाही का? असंच बसून राहिलास एकोणीस दिवस?”

“तार केली होती ना.”

मी अंगठ्याचा कागद पुढं केला. तार केली होती असं शंभरातले साठजण सांगतात. “कुठनं केलीस?”

“धडगावातनं. मास्तरनं लिहून दिली. पावती होती, ती पाण्यात भिजली येताना.”

“पेशीच्या वेळी साहेबांना सांग मग हे.”

तो गवताच्या काड्या बोटांत चोळत राहिला. “तिथं काय सांगायचं असतं, ते मला कळत नाही बाबूजी. टोपी काढतात, पट्टा काढतात, डावा-उजवा करत आत नेतात. साहेब एवढ्या जोरात बोलतात. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, साहेबासमोर जास्त बोलायचं नाही.”

अंगठा घेऊन मी परत आलो. टेबलाशी बसलो, पण काम सुचेना. तार आली असती तर ती माझ्याच हातून गेली असती. सगळं टपाल मीच फोडायचो. बिजलाची फाईल काढली. तार नव्हती. फाईल मिटली. परत उघडली. वरती माझ्याच अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘पी ए डब्ल्यू आर ए’, पावरा. आणि मग आठवलं, शिक्षेच्या रजिस्टरात त्याच्या तिन्ही शिक्षा मी कशा लिहिल्या होत्या. ‘पी ए डब्ल्यू ए आर’, पवार.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. माझ्या आधीच्या क्लार्कनं तसंच केलं होतं, कंपन्यांतले क्लार्क तसंच करायचे. मराठी माणसाच्या कानाला पावरा म्हटलं की पवार ऐकू येतं, आणि पंजाबी किंवा मल्याळी क्लार्कला दोन्ही एकच. इंग्रजीत एका अक्षराची तर अदलाबदल. बोलताना तर आम्ही त्यांना सरसकट पवारच म्हणायचो. तेही ‘हो’ म्हणायचे.

मी बी. पवार नावाची फाईल काढली. शिपाई बाळासाहेब पवार, फलटणकडचा, सध्या जम्मूला. आतल्या कागदांत मध्येच गुलाबी तार होती. ‘वाइफ सीरियस. एक्स्टेंड लीव्ह फिफ्टीन डेज. बी. पवार.’ तारमास्तरनं पण पवारच केलं होतं. ठिकाण धडगाव. वर आमच्या ऑफिसचा शिक्का, तारीख आणि माझी सही.

“काय शोधतोयस?” मागून सुभेदार इंगवले म्हणाले. ते आमचे हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनीच दोन महिन्यांची सुट्टी लावून दिली होती.

मी तार त्यांच्या हातात दिली आणि काय झालं ते सांगितलं.

त्यांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली. “कुठं सापडली?”

“पवारच्या फायलीत.”

“मग पवारच्याच फायलीत आहे ती. ठेव परत.”

“साहेब, शनिवारी त्याची चौथी...”

“काशीद.” ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले, हळू आवाजात बोलायला लागले. “ती बाई पाहुणी आहे. आठ दिवसांनी जाईल. तिला हे सांगितलंस की ती नुसती ही तार नाही बघणार, सगळं उकरणार. सात वर्षांची रजिस्टरं कुणाच्या अक्षरात आहेत? तुझ्या. सह्या कुणाच्या आहेत? माझ्या आणि कर्नलसाहेबांच्या. तुझं बोर्ड ऑक्टोबरात आहे. मला दोन वर्षं राहिलीत. पोरगा एकोणीस दिवस उशिरा आलाय, हे तर खोटं नाही ना?”

ते खोटं नव्हतं. मी तार फायलीत ठेवली आणि फाईल कपाटात.

जेवायला मी मेसमध्ये गेलो. समोरच्या बाकावर दोन नवे शिपाई रजेच्या गप्पा मारत होते. एकजण सांगत होता की गेल्या वेळी तो बारा दिवस उशिरा आला, पण बहिणीच्या लग्नाची पत्रिकाच दाखवली, साहेब हसले आणि सात दिवसांची लाईनबंदी, बराकीबाहेर जायचं नाही एवढंच, देऊन सोडलं. आडनाव शितोळे. त्याची पेशी मला आठवत होती. पेशीच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे येऊन तासभर बसला होता, काय सांगू, कसं सांगू, कागद कुठला लावू विचारत. मी त्याला सगळं सांगितलं होतं. आपल्याकडचा पोरगा म्हणून. ते काही गैर होतं असं मला आजही वाटत नाही. पण माझ्याकडे असं येऊन बसलेला एकही पावरा मला आठवेना.

ताटातलं तसंच ठेवून मी उठलो. बी. पवारची फाईल काढली आणि रेकॉर्ड रूममध्ये गेलो. मॅडम अहवाल टाइप करत होत्या.

“मॅडम, ते पवारांचं... उत्तर मी तुम्हाला कालच द्यायला पाहिजे होतं.”

त्या थांबल्या. मी त्यांना दोन आडनावं कागदावर लिहून दाखवली, मग तार दाखवली. मला वाटलं होतं त्या भडकतील. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “हा बिजला आत्ता कुठं आहे?”

“क्वार्टर गार्डला.”

“शनिवारी पेशी. म्हणजे आपल्याकडे अडीच दिवस आहेत.” त्यांनी टाइप केलेला अहवाल बंद केला. “नावावर विश्वास ठेवला, ही माझी चूक. आता एकशे चाळीस नोंदी एकेक करून बघायच्या. प्रत्येकाचा पूर्ण नंबर कुठं मिळेल?”

“पगाराच्या पटावर. नाहीतर क्वार्टर गार्डच्या वहीत. कैद झालेल्याचा नंबर तिथं पूर्ण लिहितात.”

“चला मग.”

गुरुवार आणि शुक्रवार आम्ही दोघं तेवढंच करत होतो. मी नंबर वाचायचो, त्या भरतीच्या यादीत तो शोधायच्या. नंबर जुळला की गाव मोठ्यानं वाचायच्या. पहिलं निघालं कोरेगाव. खरा पवार. दुसरं बारामती. तिसरं धडगाव तालुका. चौथं धडगाव. पाचवं धडगाव. दहा-बारा नावांनंतर त्यांनी मोठ्यानं वाचणं सोडून दिलं, नुसती खूण करायला लागल्या. सुभेदार इंगवले दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. दुसऱ्या वेळी त्यांच्या मागोमाग चहा आला, तीन कप. तिसरा कप तसाच राहिला.

शुक्रवारी चारच्या सुमाराला आकडे उभे राहिले. पवारांच्या एकशे चाळीस नोंदींपैकी शहाण्णव पावरांच्या होत्या. आधीच्या दोन धरून अठ्ठ्याण्णव. त्यातल्या एक्याऐंशी शिक्षा सुट्टीवरून उशिरा आल्याबद्दल. महिन्याच्या आतल्या उशिराला बाकीच्या जवानांपैकी दहातल्या दोघांना लाल नोंद मिळाली होती. पावरा असेल तर दहातल्या आठजणांना. सात वर्षांत अडतीसपैकी अकराजण चार लाल नोंदी होऊन घरी गेले होते.

मॅडमनी पाण्याची बाटली अर्धी संपवली. मग म्हणाल्या, “मला कळत नाही ते हे, की असं का? कर्नलसाहेबांना मी दहा दिवस बघतेय. ते मुद्दाम असं करणारे नाहीत. त्यांच्या आधीचेही नसतील.”

त्या पुन्हा रजिस्टर चाळायला लागल्या. या वेळी त्या नाव, शिक्षा बघत नव्हत्या, मधले दोन रकाने बघत होत्या. एक होता कबुलीचा, दुसरा कारणाचा.

“काशीद, हे बघा. बाकीच्यांच्या कारणाच्या रकान्यात काही ना काही आहे. आई आजारी, बस चुकली, लग्न, पूर. पावरांच्या एक्याऐंशी नोंदींत कारणाचा रकाना रिकामा. एक्याऐंशीच्या एक्याऐंशी. आणि कबुलीच्या रकान्यात सगळ्यांपुढं ‘गुन्हा कबूल’. एकानंसुद्धा नाही म्हटलं नाही?”

मी हातातली वही मिटली.

“कारण नाही, वर गुन्हा कबूल. मग कुठलाही साहेब कैदच देणार. हे सगळं पेशीच्या वेळी लिहितात ना? कोण लिहितं?”

“मी.”

“त्यांना विचारतं कोण?”

खिडकीबाहेर परेड ग्राउंडवर रिक्रूटांची संध्याकाळची कवायत चालली होती. मला आठवतं, मी ती मोजत होतो. एक, दो, एक. मग म्हणालो, “कुणी नाही विचारत, मॅडम.”

“म्हणजे?”

“बाकीची पोरं बोलतात, भांडतात, कागद लावतात. त्यांचं काय ते पेशीत ठरल्यावर मी टाइप करतो. पावरा असला की तो काही बोलत नाही. पेशीला वेळ कमी असतो, साहेबांपुढं आठ-आठ पोरं असतात. म्हणून त्यांचे कागद मी आदल्या दिवशीच करून ठेवतो. आरोप वाचून दाखवला, समजावला, गुन्हा कबूल. साहेब कागद बघतात, ‘कुछ कहना है’ विचारतात, पोरगा ‘नहीं साब’ म्हणतो. सही होते.”

“आणि शनिवारचा बिजलाचा कागद?”

मी ड्रॉवर उघडला. कागद तयार होता. मंगळवारीच टाइप केला होता, त्यांनी पवार उनाड असतात का विचारलं त्याच दिवशी. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. चार ओळींचा तर कागद होता.

“हे मला अहवालात लिहावं लागेल,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

“लिहा, मॅडम.”

“तुमच्या नावानं नाही लिहिणार. पण रजिस्टर कुणाकडे असतं, ते सगळ्यांना माहीत आहे.”

“हो.”

शनिवारी अकराला पेशी होती. मॅडम सकाळी नऊलाच कर्नलसाहेबांकडे गेल्या. पाऊण तासानं मला आत बोलावलं. टेबलावर तार होती, आकड्यांचा कागद होता आणि माझा तो चार ओळींचा कागद. कर्नलसाहेब हिंदीत बोलायचे. त्यांनी विचारलं, “काशीद, हे तू आधी टाइप केलंस?”

“जी साब.”

“माझ्या वेळचे असे किती?”

“तेवीस, साब.”

त्यांनी पेनाचं टोपण उघडलं, लावलं. “तेवीस,” ते म्हणाले. “मी प्रत्येकाला विचारलं होतं, कुछ कहना है? मला वाटायचं, या पोरांना लाजच नाही, निर्ढावलेत. एकाला मी तसं म्हणालोसुद्धा.” मग मॅडमकडे बघून म्हणाले, “यांची भाषा येणारा कोणी आहे सेंटरमध्ये?”

लंगरखान्यात नाईक फुलसिंग वसावे होता, अक्कलकुव्याचा. त्याला बोलावून आणलं. येताना पीठ लागलेले हात पँटला पुसतच आला.

बिजलाला टोपी-पट्ट्याशिवाय आत आणलं. कर्नलसाहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, फक्त आम्ही चौघं आणि तो. त्यांनी तार उचलून दाखवली. “ही तू पाठवलीस?” वसावेनं ते बिजलाच्या बोलीत सांगितलं. बिजलानं तारेकडे बघितलं आणि मग एकदम बोलायला लागला. मी त्याला सहा वर्षं ओळखत होतो. एवढं सलग बोलताना त्याला कधी ऐकलं नव्हतं. वसावे सांगेपर्यंत तो थांबत नव्हता. बायकोला झोळीत घातलं तिथपासून सगळं. पाण्यातून होडीनं किती, पायी किती, दवाखान्यात रक्त मिळेना तेव्हा कुणी दिलं. कर्नलसाहेबांनी एकदाही मध्येच तोडलं नाही. त्या दिवशी इतर सात पेश्या होत्या. त्या दुपारनंतर झाल्या.

आरोप रद्द झाला. एकोणीस दिवस सुट्टीत धरले. बिजलानं सॅल्यूट केला, टोपी डोक्यावर नव्हती हे विसरूनच. साहेबांनी तो तसाच स्वीकारला.

तामगाडगे मॅडम पुढच्याच आठवड्यात गेल्या. जाताना त्यांनी मला रजिस्टरसाठी नवा नमुना आखून दिला. त्यात नंबराचा पूर्ण रकाना होता, भाषेचा होता, आणि ‘दुभाष्या दिला का’ असा एक होता. अहवालाचं वर काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही. आमच्या सेंटरपुरतं एवढं झालं, की जुन्या एक्याऐंशी नोंदी पुन्हा तपासायचा हुकूम आला. घरी गेलेल्या अकरांपैकी चौघांचा पत्ता लागला. दोघांना थोडी पेन्शन बसली. एकजण तोपर्यंत वारला होता. एकानं कळवलं, आता काही नको. माझं बोर्ड त्या ऑक्टोबरात झालं नाही, पुढच्यालाही नाही. दोन वर्षांनी झालं. सुभेदार इंगवले माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत आणि मग एक दिवस आपोआप बोलायला लागले.

मला मात्र त्या जूनमधला एक दिवस जास्त लक्षात आहे. जुन्या नोंदी तपासायच्या, म्हणजे प्रत्येकाचा जबाब घ्यायचा. पहिला बिजला होता. तो रेकॉर्ड रूममध्ये आला, खुर्चीवर बसायला तयार होईना, शेवटी काठावर टेकला. मी त्याच्या तीन जुन्या शिक्षांचे कागद पुढं ठेवले.

“बाबूजी,” तो म्हणाला, “यावर मी काय बोललोय?”

“गुन्हा कबूल, असं लिहिलंय.”

“तिन्हीवर?”

“तिन्हीवर.”

 “मी असं कधी बोललो?”

मला सांगता आलं असतं, की तेव्हाची पद्धत तशी होती. कागदावर सही साहेबांची होती, तेही खरं होतं.

“तू नाही बोललास,” मी म्हणालो. “तू आत यायच्या आधीच मी लिहून ठेवलं होतं.”

“तुम्ही?”

“मी.”

“का?”

“तू काही बोलणार नाहीस, असं धरून चाललो.”

त्यानं कागद उचलले, उलटसुलट बघितले, टेबलाच्या कडेला नीट जुळवून खाली ठेवले. पहिल्या कैदेत त्याचं नख गेलं होतं, दगड फोडताना. ते बोट मला दिसत होतं. मी वाट बघत होतो, की तो उठून जाईल किंवा काही बोलेल. जे बोलला असता ते मी ऐकून घेतलं असतं.

“मग आता विचारा,” तो म्हणाला.

मी कोरा कागद घेतला. वर त्याचं नाव लिहिलं, पूर्ण नंबर लिहिला. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “शिपाई बिजला पावरा, एक्याण्णव साली सुट्टीवरून तू नऊ दिवस उशिरा आलास. हा गुन्हा तुला कबूल आहे का?”

“नाही,” तो म्हणाला आणि खुर्चीत मागं सरकून नीट बसला. “त्या वर्षी आमच्या पाड्यातल्या घरांची मोजणी होती. धरणाचं पाणी चढणार होतं. बाप नव्हता. घरातला पुरुष माणूस हजर पाहिजे, असं सांगितलं होतं. मोजणीवाले आज येतील, उद्या येतील, असं नऊ दिवस चाललं. लिहिताय ना?”

“लिहितोय,” मी म्हणालो. “सांग.”